टिपणीस बाईंचं झाकण

टिपणीस बाईंनी माझ्याशी कधीच घासाघीस केली नाही, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. त्यांच्यावर माझा दुसराही एक राग आहे, तो याहून फार मोठा. तो पुढे येईलच. पण आमच्या ओळखीची सुरुवात या पहिल्या रागाने झाली.

मी भाव करणारा माणूस. भाजीवाली असो, तांब्याचा दलाल असो की बँकेचा मॅनेजर, पहिला आकडा ऐकून हसायचं, उठून चपला घालायच्या आणि दारातून परत यायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. आंबिवलीच्या चाळीत वाढलो, दुसऱ्यांच्या कारखान्यांत मशिनी पुसल्या, मग चालवल्या, मग भांडून-तंडून डोंबिवलीच्या एमआयडीसीत स्वतःचा गाळा उभा केला. आमच्याकडे लवचीक केबल बनते. क्रेनला आणि लिफ्टला लागते ती, सारखी वाकून सारखी सरळ होणारी.

एका सकाळी एक ठेंगण्या बाई गाळ्यात शिरल्या. वय सत्तरीच्या घरात, अंगावर सुती साडी, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट, खांद्याला कापडी पिशवी. मला वाटलं, कुठल्या तरी आश्रमासाठी देणगी मागायला आल्या असतील. मी खिशाला हात न लावता 'नाही' म्हणायचा चेहरा तयार केला.

"कदम तुम्हीच ना? तुमच्याकडे केबलवर पट्टी गुंडाळायचं मशीन आहे असं कळलं. ते मला पाहायचं आहे."

पाहायचं म्हणजे त्यांनी ते खरोखर पाहिलं. चष्मा कपाळावर चढवून, कमरेत वाकून, मशीनचं गुंडाळणारं डोकं हाताने सावकाश फिरवत. मशीनवर आमचा राजाराम होता. डोंबिवलीजवळच्याच गावातला आगरी माणूस, वीस वर्षांत त्याने त्या मशीनला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता. या बाईंना त्याने लावू दिला. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

"मला हे मशीन काही महिन्यांसाठी हवं आहे," बाई म्हणाल्या. "राजाराम यांच्यासकट."

मी आकडा सांगितला. नेहमीप्रमाणे फुगवून, म्हणजे खाली यायला जागा राहते.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या.

मी थांबलो.

"ठीक आहे म्हणजे?"

"म्हणजे ठीक आहे. पैसे संस्था देणार आहे, त्यांना तुमचा आकडा चालेल. आता माझ्या अटी ऐका."

असा सौदा झाला की माणसाला आपण लुटले गेलो असं वाटतं. मी दिवसभर कुढत राहिलो. आणखी फुगवला असता तर? आणि खरी लूट पुढे होती, ती अटींत. मशीन अगदी सावकाश चालणार. त्याच्याभोवती प्लास्टिकचे पडदे लागणार. आत पंखा नाही, तंबाखू नाही, चहा नाही, हातात अंगठी नाही, बांगडी नाही. फरशी दिवसातून दोनदा ओल्या फडक्याने पुसायची, झाडू मारायचा नाही. मी प्रत्येक अटीवर भांडलो आणि प्रत्येक अट हरलो. बाई आवाज चढवत नसत. आपण बोलून संपण्याची वाट पाहत आणि मग तेच वाक्य पुन्हा, त्याच आवाजात म्हणत. पैशाच्या बाबतीत ज्या बाई एका शब्दाने खाली आल्या नाहीत की वर गेल्या नाहीत, त्या फरशीच्या फडक्यासाठी माझ्याशी तासभर भांडल्या.

त्यांचं काम काय होतं ते मला समजायला वेळ लागला. मला समजलं तसं सांगतो. वीज तांब्यातून जाते तेव्हा तांबं तिला थोडं अडवतं, म्हणून तार तापते. काही पदार्थ मात्र असे आहेत की त्यांना खूप थंड केलं की ते वीज अडवायचं सोडूनच देतात. त्यांतून प्रचंड करंट नेता येतो, आणि त्याचं वेटोळं केलं तर प्रचंड ताकदीचं चुंबक होतं. बाई सरकारी संशोधन संस्थेत सगळं आयुष्य याच कामात होत्या. निवृत्तीनंतर चुंबक बनवणाऱ्या एका गटाला सल्ला देत होत्या. अडचण अशी की हा पदार्थ मुळात चिनी मातीसारखा ठिसूळ. तो पातळ धातूच्या फितीवर लेपासारखा बसवलेला असतो. अशी फीत परदेशातून यायची, करंगळीच्या नखापेक्षा अरुंद. ती पेन्सिलीहून बारीक तांब्याच्या गाभ्यावर तिरकी गुंडाळायची, एका थरावर उलट्या दिशेने दुसरा, मग तिसरा, असे अनेक थर. बरोबर गुंडाळली तर होणारी केबल वाकते. चुकली तर आतला लेप तडकतो, आणि वरून काही म्हणजे काही दिसत नाही.

"अशी केबल बाहेरून विकत मिळते," बाई म्हणाल्या होत्या. "पण मला ती इथे झालेली बघायची आहे. एकदा. चुंबकात बसलेली."

हे 'एकदा' त्या फार हळू म्हणायच्या.

बाईंच्या पिशवीत नेहमी स्टीलच्या डब्याचं एक झाकण असे. डबा नाही, नुसतं झाकण. डबा बहुधा कोपर स्टेशनजवळच्या त्यांच्या घरी झाकणाविना पडला असावा. त्या झाकणाच्या कडेभोवती केबल वळवून त्या तपासायच्या. "याच्यापेक्षा लहान वळण द्यायचं नाही," असं त्यांनी गाळ्यातल्या सगळ्यांना बजावलं होतं, आणि मग ते माप त्यांच्या डोळ्यांत असं बसलं होतं की कुठलीही तार दिसली की त्या झाकण काढत. माझ्या मोबाइलच्या चार्जरची तार मी बोटाभोवती गुंडाळून खिशात टाकायचो. त्यांनी ती एकदा माझ्या खिशातून काढून घेतली, सोडवली, मोठी वेटोळी करून परत दिली आणि निघून गेल्या.

गणपतीत तर कमाल झाली. आमच्या कोपऱ्यावरच्या मंडळाचा मांडववाला लायटिंगची वायर कोपर आणि तळव्याभोवती भराभर गुंडाळत होता, जशी सगळी दुनिया गुंडाळते. बाई रिक्षातून उतरल्या आणि सरळ त्याच्याकडे गेल्या.

"अहो, अशी नका गुंडाळू. प्रत्येक वेढ्याला तिला पीळ बसतोय."

"आजी, वायर आहे ती. लोकर नाय."

"लोकरीला चाललं असतं."

मग त्यांनी त्याला दाखवलं: एक वेढा सरळ घ्यायचा, दुसरा मनगट उलटं करून घ्यायचा, म्हणजे एकाचा पीळ दुसऱ्यात सुटतो. मांडववाला वैतागला, पोरं हसायला लागली, स्पीकरवर आरती सुरू झाली, तरी बाई वेटोळी घालत राहिल्या. संपल्यावर त्यांनी वायरचं टोक धरलं आणि गुंडाळी जमिनीवर फेकली. सगळी वायर एकही गाठ न पडता सरळ पसरली. मांडववाल्याने तोंड वाकडं केलं. पण विसर्जनाच्या दिवशी तो त्याच पद्धतीने गुंडाळताना मी पाहिला. माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमच्या आजीला सांगू नका हां."

राजारामचं आणि त्यांचं पहिलं भांडण झालं ते फितीच्या बाजूवरून. आमच्या धंद्यात चांगली बाजू बाहेर असते. चकाकी गिऱ्हाइकाला दिसली पाहिजे. या फितीच्या दोन्ही बाजू तांब्याच्या, दिसायला सारख्या. लेप कुठल्या बाजूला आहे ते फक्त रिळावरच्या खुणेवरून कळायचं. राजारामने सवयीने लेपाची बाजू बाहेर ठेवली.

"आत," बाई म्हणाल्या.

"म्याडम, माल आत लपवाचा? मंग लोकांना काय दाखवाचा?"

बाईंनी एक जाड पुठ्ठा घेतला, वाकवला. "बाहेरची बाजू बघा, ताणली जाते. आतली दाबली जाते. चिनी मातीच्या कपावर असतो तसा हा लेप. दाब सोसतो, ताण नाही सोसत. म्हणून आत."

राजारामने पुठ्ठा हातात घेऊन दोनतीनदा वाकवला. मग म्हणाला, "हे पयलं सांगाचा ना बाय," आणि फीत उलटी चढवली. त्याने म्याडमची बाय केली तेव्हापासून त्या गाळ्याच्या झाल्या. मला कुणी विचारलं नाही.

पहिल्या लहान तुकड्याची चाचणी गाळ्यातच झाली. थर्माकोलच्या खोक्यात द्रव नायट्रोजन ओतला, पांढरा धूर जमिनीवरून पायांत पसरला, सगळे कामगार मशीन बंद करून जमा झाले. मी ओरडलो, कुणी हललं नाही. बाईंनी तुकडा झाकणाच्या मापावर वाकवून आत बुडवला आणि करंट वाढवत नेला. करंटचा आकडा चढत होता. तारेत वीज अडली की हलणाऱ्या शेजारच्या दुसऱ्या मीटरवर मात्र शून्य.

"म्याडम, यो मीटर मेलाय," राजाराम म्हणाला.

"मेला नाही. तिथे काही नाहीच आहे, तेच तो दाखवतोय."

करंट आणखी चढला. एवढा करंट मी माझ्या जाडजूड तांब्याच्या केबलमधून नेला असता तर ती पोळ्या भाजता येतील इतकी तापली असती. आणि ही काडीसारखी वस्तू थंडगार बसली होती. मी आयुष्यभर तांबं विकलेला माणूस. मला खरं सांगायचं तर थोडा अपमान वाटला.

"कदम, असं काय बघताय?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. माझा धंदा बुडवणार ही."

बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. मी त्यांना तसं हसताना पुढे फक्त एकदा पाहिलं, दसऱ्याला. आणि आता माझ्या मोठ्या रागाकडे येतो.

चुंबकवाल्यांनी ठरवलं की एक लांब केबल करून दाखवा. ती सरळ तपासू, मग वाकवून तपासू. टिकली तर चुंबकाची सगळी केबल इथेच. सगळी! मी रात्रंदिवस तोच हिशेब करत होतो. शेजारचा गाळा रिकामा होता, त्याच्या मालकाला मी गोड बोलायला लागलो होतो. बाई माझ्यापेक्षा शांत दिसत होत्या, पण त्यांनी पिशवीतलं झाकण किती वेळा काढून पुसलं ते मी पाहत होतो.

मध्ये दसरा आला. कारखान्यात दसरा म्हणजे काय ते कारखान्यातल्यांनाच कळेल. आदल्या दिवशी सगळ्या मशिनींची झाकणं उघडायची, कधी न दिसणारे भाग पुसायचे, तेलपाणी करायचं, मग झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ. बाईंच्या मशीनचेही पडदे वर झाले. बाई स्वतः फडकं घेऊन मशीनचं डोकं पुसायला बसल्या होत्या.

पूजेची वेळ झाली. दरवर्षी मी करतो. त्या वर्षी राजाराम ताट घेऊन सरळ बाईंसमोर उभा राहिला.

"बाय, तुमी मोठ्या. तुमीच करा."

बाई देवधर्म करणाऱ्या नव्हत्या. त्या एकदम गोंधळल्या. "अहो, मला नाही येत. आमच्या संस्थेत दसऱ्याला वर्कशॉपमधले लोक पूजा करायचे. आम्हाला टेबलावर पेढा यायचा."

"मंग आज उलटा करू. पूजा तुमी, पेढा आमी."

सगळे हसले. बाईही, अगदी त्या पहिल्या चाचणीसारख्या. त्यांनी पदर खोचला, मशीनला कुंकू लावलं, हार घातला आणि ताटातल्या लाल अक्षता मूठभर घेऊन, लग्नात टाकतात तशा, उघड्या मशीनवर उधळल्या. ज्या बाईंनी मला बांगडीबद्दल, अंगठीबद्दल, झाडूच्या धुळीबद्दल रडवलं, त्याच बाईंनी. कुणाच्याच डोक्यात काही आलं नाही. माझ्याही नाही. नंतर आम्ही मशीन पुन्हा नीट पुसलं, दाणा न् दाणा वेचला असं आम्हाला वाटलं, पडदे सोडले आणि लांब केबल गुंडाळायला घेतली.

चाचणीला चुंबकवाल्यांकडून दोघं आले, एक मोठे साहेब आणि त्यांच्या हाताखालचा तरुण. सरळ केबल उत्तम गेली. मग तीच केबल वाकवून बुडवली. करंट निम्म्यावरही पोचला नसेल, दुसऱ्या मीटरचा आकडा हलला. बाईंनी पुन्हा केलं. पुन्हा हलला. साहेब म्हणाले, "बघा काय झालंय ते. आम्ही पुढच्या आठवड्यात येतो."

बाईंनी केबलवर जागोजागी तारा लावून कुठल्या हातभर भागात दोष आहे ते काढलं. मग राजाराम आणि त्या समोरासमोर बसून एकेक थर उलगडत गेले. बरेच थर निघाल्यावर फितीवर एक उंचवटा दिसला, आणि तिच्याखाली, गाभ्याला चिकटून, चिरडलेली, तीळभर, लाल कणी.

राजारामने ती बघितली आणि आपल्या कपाळावर हात मारला. मी आधी त्याच्यावर ओरडलो, मग फरशी पुसणाऱ्यावर, मग नारळ आणणाऱ्यावर. बाई म्हणाल्या, "कदम, पुरे. ओरडायचं असेल तर माझ्यावर ओरडा. अक्षता मी टाकल्यात."

मी ओरडलो नाही. मी शहाणपणाची गोष्ट सांगितली, आणि ती शहाणपणाचीच होती असं मी आजही म्हणतो. मी म्हटलं, "बाई, परदेशी फितीत दोष निघतात हे तुम्हीच सांगितलंय. साहेबांना सांगू, या रिळात दोष होता. दुसरं रीळ लावून केबल करून देतो. दाण्याचं आपल्यात राहू दे."

"आणि फितीवाल्यांचं काय?"

"ते काय आपले पाहुणे आहेत? हजारो मैलांवर बसलेत."

"ते उद्या आपल्या रिळांत नसलेला दोष शोधत बसतील."

"बसू देत!"

"तेही असंच कुठेतरी बसून फीत बनवतात, कदम. फरशी पुसून."

मी विषय सोडला. माझी समजूत अशी की त्यांनीही सोडला.

साहेब आणि तो तरुण आले. मी चहा, खारी, सगळं मांडलं होतं. मी सुरुवात केली, "सर, त्याचं असं झालं की या रिळामध्येच..."

बाईंनी पिशवीतून झाकण काढून टेबलावर ठेवलं. त्यात ती लाल कणी होती.

"हा तांदूळ आहे," त्या म्हणाल्या. "दसऱ्याच्या अक्षता. मशीन उघडं असताना मी टाकल्या. फीत चांगली आहे, मशीन चांगलं आहे, राजाराम यांचा हात फारच चांगला आहे. चूक माझी."

तरुण फिस्सकन हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी झाकण उचललं, बोटाने कणी हलवून बघितली, झाकण खाली ठेवलं आणि चहा न पिता उठले. दारात मला म्हणाले, "कळवतो."

त्यांनी कळवलं. केबल परदेशातून येणार.

त्या दिवशी मी बाईंना काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. राजाराम मध्ये येऊन उभा राहिला एवढं सांगतो. त्या ऐकून घेत होत्या. मी थांबल्यावर म्हणाल्या, "तुमचं नुकसान झालं हे खरं आहे."

"तुम्ही गप्प बसला असता तर पुढच्या वेळी मशीनमधला दाणा न् दाणा मी स्वतः वेचला असता! दुसरी केबल सोन्यासारखी झाली असती!"

"हो. झाली असती," बाई म्हणाल्या. "मला माहीत आहे."

हे जास्त लागलं. वाद घातला असता तर बरं वाटलं असतं.

दिवाळीनंतर तो तरुण उरलेली रिळं न्यायला आला. मी त्याला विचारलं, बाई कशा आहेत? तो म्हणाला, "मॅडमना आता बोलवत नाहीत. मीटिंगमध्ये विषय निघाला की लोक तांदळाचे जोक करतात. मोठे साहेब म्हणाले, आता त्यांनी आराम करावा." तो या वेळी हसत नव्हता. जाताना म्हणाला, "सर, खरं तर रिळाला दोष दिला असता तर कुणाला कळलंही नसतं."

"मला सांगतोस?" मी म्हटलं.

तेव्हा मला कळलं की त्या दुपारी टेबलावर माझ्या ऑर्डरसोबत बाईंचंही सगळं होतं. ते 'एकदा'. आणि झाकण काढताना त्यांना ते पक्कं ठाऊक होतं. यामुळे माझा राग गेला का? नाही गेला. शेजारच्या गाळ्यात आता एक पॅकिंगवाला आहे, त्याचे टेम्पो माझ्या दारात उभे राहतात, आणि प्रत्येक टेम्पोला मला तो दाणा आठवतो. फक्त रागात पूर्वीची मजा राहिली नाही.

पुढच्या पावसाळ्यात राजाराम एकदा कोपरला त्यांच्याकडे जाऊन आला. मला न विचारता. "बाय बरी हाय," म्हणाला, "पण घरात लय गप्प गप्प." मी म्हटलं, "मग मी काय करू?" तो मशीनकडे निघून गेला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मात्र माझ्या टेबलासमोर उभा राहून म्हणाला, "शेट, मी बायला सांगून आलोय उद्याचा."

"कुणाला विचारून?"

"कुनाला नाय."

त्या दिवशी मी राजारामला कामावरून काढायला हवं होतं. त्याऐवजी मी सकाळी पांढरा शर्ट घालून गाळ्यावर लवकर गेलो.

बाई आल्या. वाळल्या होत्या, बूट तेच होते. मशिनी पुसून झाल्या होत्या, झेंडू लागला होता. ज्या मशीनवर ती केबल झाली होती ते राजारामने जाड प्लास्टिकने गच्च झाकून वर दोरी बांधली होती. बाईंनी ते पाहिलं. त्या दोरीला हात लावून पाहिला, गाठ बघितली, मान हलवली.

राजारामने ताट पुढे केलं. बाईंनी ताट घेतलं नाही. पिशवीतून झाकण काढलं, ताटातल्या अक्षता त्यात ओतून घेतल्या. मला वाटलं, आता या बाई इथेच रडणार आणि मला ते बघावं लागणार.

त्या मशीनकडे गेल्याच नाहीत. राजारामपुढे उभ्या राहिल्या, चिमूटभर अक्षता घेतल्या आणि त्याच्या डोक्यावर टाकल्या. मग फरशी पुसणाऱ्याच्या. मग नारळ आणणाऱ्याच्या, पॅकिंगमधल्या दोघी बायकांच्या, वॉचमनच्या. एकेकाजवळ थांबून, घाई न करता. सगळ्यात शेवटी माझ्याकडे आल्या. मी उंच आहे. त्यांचा हात माझ्या खांद्यापर्यंतच येत होता. मी तसाच ताठ उभा राहिलो.

"कदम, वाका जरा."

"कितपत?" मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

बाईंनी हातातलं झाकण वर धरून माझ्याकडे त्याच्या कडेवरून पाहिलं. "याच्याहून जास्त नको," त्या म्हणाल्या.

गाळ्यात हशा पिकला. मी वाकलो. डोक्यावर दाणे पडल्याचं जाणवलं, आणि त्यांचा हात, जरा जास्तच वेळ.

त्यानंतर बाई मला भेटल्या नाहीत. हिवाळ्यात त्या धाकट्या बहिणीकडे मिरजेला गेल्या आणि तिथेच वारल्या. फोन राजारामला आला, मला नाही. म्हणून माझ्या डोळ्यांसमोर आहेत त्या त्या दसऱ्याच्या दुपारच्याच. पेढा खाऊन निघाल्या. फाटकाशी आमचा हमाल एक्स्टेन्शनची वायर कोपराभोवती गुंडाळत होता. त्यांना न्यायला आलेली रिक्षा थांबलेली. त्यांनी पिशवी रिक्षात ठेवली, त्याच्या हातातून वायर घेतली आणि तिथेच उन्हात उभ्या राहून वेटोळी घालायला लागल्या, एक सरळ, एक मनगट उलटं करून. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. वायर बरीच लांब होती.

त्याच दसऱ्याच्या संध्याकाळी घरी जेवायला बसलो तेव्हा माझ्या केसांतून एक लाल दाणा ताटाशेजारी पडला. बायको म्हणाली, "अहो, हे काय?" मी तो उचलला आणि फरशीवर अंगठ्याखाली दाबून पाहिला. एवढासा दाणा. पण अंगठा उचलल्यावर त्याचा खळगा कातडीवर बराच वेळ राहिला होता.